लैंगिक आजार : ओळख, बचाव आणि तपासणीचे वेळापत्रक

लघवीला जळजळ झाली, पू आला किंवा जांघेत अवधान आले की माणूस घाबरतो आणि काही ना काही हालचाल करतो. कोणी डॉक्टरांकडे जातो, कोणी मेडिकलच्या दुकानात गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभा राहतो. लैंगिक आजारांची खरी पंचाईत मात्र काहीच न दुखण्यात आहे, कारण यांतले बहुतेक संसर्ग महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे, कोणतीही खूण न दाखवता शरीरात राहतात आणि त्या काळात पुढच्या व्यक्तीपर्यंत पोहोचतातही. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हा निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही. संबंध कधी आला ती तारीख, त्या तारखेनंतर योग्य दिवशी केलेली योग्य चाचणी आणि जोडीदाराची तपासणी या तीन गोष्टी सांभाळल्या, तर या आजारांपैकी बरेचसे पूर्ण बरे होतात आणि उरलेले आटोक्यात राहतात. पुढील माहिती महाराष्ट्रातील आणि गोव्यातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

आजार ओळखताना

लैंगिक संबंधांतून पसरणारे जिवाणू, विषाणू आणि परजीवी तीसहून अधिक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांपैकी आठ सर्वाधिक आढळतात. सिफिलिस म्हणजे जुन्या बोलीतली गरमी, गनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस हे चार औषधाने पूर्ण बरे होतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हर्पिस आणि एचपीव्ही हे चार विषाणूजन्य आहेत. यांतले काही आयुष्यभर शरीरात राहू शकतात, पण उपचाराने त्यांचा त्रास आणि प्रसार दोन्ही रोखता येतात.

रुग्णाच्या तक्रारीवरून पाहिले तर पहिला गट स्रावाचा आहे. गनोरियात पुरुषाला संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत लघवीच्या मार्गातून पिवळसर पू येतो आणि लघवी करताना आग होते. क्लॅमिडियात स्राव पातळ आणि कमी असतो व तो एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, किंवा दिसतही नाही. स्त्रियांमध्ये हे दोन्ही आजार बहुधा गुपचूप राहतात आणि उपचार न झाल्यास गर्भाशयमुखातून वर सरकून गर्भनलिकांना सूज आणतात. त्यातून पुढे ओटीपोटात कायमचे दुखणे, वंध्यत्व किंवा नलिकेतच गर्भ राहण्याचा जिवावरचा धोका उद्भवतो.

अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार येथे थोडी सोडवून पाहिली पाहिजे, कारण तिच्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. पाळीच्या चक्राच्या मध्यावर येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव नैसर्गिक आहे. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. माशासारखा वास असलेला राखाडी स्राव योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे लक्षण असतो. हे दोन्ही लैंगिक आजार म्हणून गणले जात नाहीत, त्यामुळे अशा तक्रारीवरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणे अन्यायाचे आहे. फेसाळ, हिरवट-पिवळा, दुर्गंधी असलेला स्राव मात्र ट्रायकोमोनियासिसचा असू शकतो. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ म्हणून सगळेच अंगावर काढणे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. कंबर धरणे आणि ओटीपोट दुखणे हे अशक्तपणाच्या नावावर खपवण्याची सवय आजही मोडलेली नाही.

दुसरा गट जखमांचा. सिफिलिसचा पहिला चट्टा संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी उठतो. तो एकच असतो, कडेने टणक लागतो आणि दुखत नाही. न दुखणे हाच त्याचा कावा आहे. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो आणि रुग्ण निश्चिंत होतो. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायांवर, न खाजणारे तांबूस डाग येतात व तेही जातात. त्यानंतर आजार दडून बसतो आणि उपचार न मिळालेल्या काही रुग्णांत कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू किंवा डोळ्यांवर उठतो. हर्पिसचे वागणे उलट असते. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोसका उठतो, फोड फुटतात आणि जागा आगीसारखी झोंबते. हा त्रास पुन्हा पुन्हा येऊ शकतो. कमरेवर उठणारी नागीण हा वेगळ्या विषाणूचा आजार असून तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही.

एचपीव्हीच्या काही प्रकारांमुळे जननेंद्रियांवर आणि गुदद्वाराजवळ फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे चामखीळ येतात. काही प्रकार, मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाचे, काहीही न दाखवता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पायाभरणी करतात. एचआयव्हीत सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ असे फ्लूसारखे काही होऊ शकते आणि पुढे अनेक वर्षे काहीच जाणवत नाही.

आजार नसलेल्या गोष्टींची भीतीही कमी नाही. शिश्नाच्या मुंडीच्या कडेने रांगेत दिसणारे मोत्यासारखे बारीक दाणे शरीराच्या नैसर्गिक ठेवणीचा भाग आहेत. ‘धात जाते’ म्हणून घाबरलेल्या तरुणाला बहुतेक वेळा कोणताही संसर्ग नसतो. एसटी स्टँडाबाहेरच्या आणि रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ज्या ‘हमखास इलाजां’च्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचा धंदा मुख्यतः याच भीतीवर चालतो.

जोखीम किती, हे कसे ठरवावे

प्रत्येक संबंधाची जोखीम सारखी नसते. कंडोमविना गुदसंबंधात, विशेषतः तो घेणाऱ्या व्यक्तीला, एचआयव्हीची जोखीम सर्वांत जास्त असते. योनीसंबंधात त्याहून कमी आणि मुखसंबंधात अगदी अत्यल्प. पण मुखसंबंध सर्वस्वी सुरक्षित समजणे चूक आहे, कारण सिफिलिस, गनोरिया आणि हर्पिस त्यातून सहज पसरतात. गनोरिया घशात, क्लॅमिडिया गुदाशयात असतो तेव्हा लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. म्हणून डॉक्टरांना आपल्या संबंधाचा प्रकार स्पष्ट सांगणे आवश्यक असते, मग तो कितीही अवघड वाटो. डास चावणे, एकाच ताटात जेवणे, मिठी मारणे किंवा सार्वजनिक शौचालय वापरणे यांमुळे एचआयव्ही होत नाही.

स्वतःचा नव्हे, तर जोडीदाराचा पूर्वेतिहास माहीत नसणे हीच सर्वसाधारण परिस्थिती असते. एकनिष्ठ असलेल्या विवाहित स्त्रीलाही नवऱ्याकडून संसर्ग होऊ शकतो, तरी ‘मला तपासणीची गरज नाही’ असे वाटणाऱ्यांत अशाच स्त्रियांची संख्या मोठी असते.

पहिली पायरी : ७२ तासांच्या आत

जोखमीचा संबंध नुकताच आला असेल, कंडोम फाटला असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर चाचणीच्या आधी एक काम तातडीचे आहे. एचआयव्हीचा संभाव्य संसर्ग रोखण्यासाठी पेप नावाचा औषधोपचार असतो. तो शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो व २८ दिवस न चुकता घ्यावा लागतो. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून ‘सोमवारी ओपीडी उघडली की पाहू’ असे म्हणू नये. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या औषधोपचाराचे केंद्र) असलेले रुग्णालय गाठावे आणि रात्रीची वेळ असेल तर सरळ तातडीच्या विभागात जावे. तेथे आधी एचआयव्हीची चाचणी करतात, कारण आधीपासून संसर्ग आहे का, हे कळणे औषध निवडण्यासाठी महत्त्वाचे असते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांत तक्रार नोंदवलेली नाही, हे कारण सांगून उपचार नाकारता येत नाहीत. अशा वेळी पेपसोबत इतर लैंगिक आजारांवरील औषधे, हिपॅटायटिस बीची लस आणि गर्भधारणा टाळणारी गोळी यांविषयीही स्पष्ट विचारावे. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असल्यास घटनेची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याप्रमाणे रुग्णालयावर बंधनकारक असते, हे आधीच माहीत असलेले बरे.

दुसरी पायरी : तारीख मांडणे

संसर्ग झाल्याझाल्या कोणतीही चाचणी तो दाखवत नाही. शरीरात जंतूंचे किंवा त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजण्याइतके होईपर्यंत काही दिवस जातात, त्या अवधीला विंडो पिरियड म्हणतात. संबंधानंतर आठव्या दिवशी एचआयव्ही चाचणी करून निर्धास्त होणारे लोक आणि तो अहवाल देताना पुन्हा या असे न सांगणाऱ्या प्रयोगशाळा, दोन्ही भरपूर आहेत.

समजा, संबंध १ जूनच्या रात्री आला. पेपची मुदत ४ जूनच्या रात्री संपते. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठीची नॅट किंवा पीसीआर पद्धतीची, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी १५ जूनच्या सुमारास, म्हणजे दोन आठवड्यांनी, भरवशाची ठरते. त्यापूर्वी पू किंवा जळजळ सुरू झाली तर अर्थातच वाट पाहायची नाही. प्रयोगशाळेत रक्ताच्या शिरेतून नमुना घेऊन होणारी चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी प्रतिपिंडांबरोबर पी-२४ हे विषाणूचे प्रथिनही शोधते, आणि तिचा ‘निगेटिव्ह’ निकाल ४५ दिवसांनंतर, म्हणजे १६ जुलैपासून पुढे, ग्राह्य धरता येतो. बोटाला टोचून होणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी ९० दिवस मोजावेत. येथे ती तारीख ३० ऑगस्ट येते. सिफिलिसची शेवटची खात्री करण्यासाठीही हीच ९० दिवसांची मुदत ठेवणे योग्य. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी चाचणी त्याच वेळी करून घ्यावी. हिपॅटायटिस सीची जोखीम असेल, उदाहरणार्थ सुया सामायिक वापरल्या असतील, तर सहा महिन्यांनी, म्हणजे १ डिसेंबरच्या सुमारास, आणखी एकदा प्रतिपिंडे पाहावीत.

कॅलेंडरवर या तारखांना खूण करून ठेवावी. मधल्या काळात नवा असुरक्षित संबंध आला तर मोजणी त्या नव्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. पेप घेतलेल्यांनी हे वेळापत्रक न वापरता डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तारखाच पाळाव्यात, कारण औषधामुळे प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात.

तिसरी पायरी : जायचे कुठे

एचआयव्हीसाठी सर्वांत सोपी जागा म्हणजे सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी, अर्थात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, बहुतेक ग्रामीण रुग्णालये येथे ते असते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्राथमिक चाचणीची सोय आहे. चाचणी मोफत असते. इतर लैंगिक आजारांसाठी मोठ्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने विभाग चालतो आणि बऱ्याच ठिकाणी तो त्वचा व गुप्तरोग विभागाला किंवा स्त्रीरोग विभागाला जोडलेला असतो. मुंबईत हे काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था पाहते, उर्वरित महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आणि गोव्यात गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्था. जवळचे केंद्र माहीत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकावर विचारता येते.

गावातल्याच केंद्रात जायला संकोच वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे. राहत्या पत्त्यावरून चाचणी नाकारली जात नाही. सुरक्षा क्लिनिकमध्ये पुष्कळदा तक्रारींच्या स्वरूपावरून उपचार देतात. त्यासाठी राखाडी, हिरवी, पांढरी, लाल अशा रंगांनी ओळखली जाणारी औषधांची तयार पाकिटे असतात आणि तीही मोफत मिळतात. या पद्धतीचा फायदा असा की रुग्णाला त्याच दिवशी औषध मिळते. तोटा असा की ज्याला काही लक्षणच नाही तो या गाळणीतून निसटतो.

लक्षणे नसताना गनोरिया किंवा क्लॅमिडिया शोधायचा असेल तर बहुधा खासगी प्रयोगशाळेची पीसीआर चाचणी करावी लागते आणि ती महाग असते. तेथे मिळणारे मोठमोठे ‘एसटीडी पॅनेल’ डोळे झाकून घेऊ नयेत. त्यांत युरिआप्लाझ्मा, गार्डनरेला असे जंतू असतात, जे निरोगी माणसांतही सापडतात आणि बहुतेक वेळा त्यांवर उपचारांची गरज नसते. लक्षणे नसताना हर्पिसचे आयजीजी प्रतिपिंड पाहणेही उपयोगाचे नाही, कारण त्यावरून संसर्ग तोंडाचा की जननेंद्रियाचा, जुना की नवा, हे उलगडत नाही. बहुतेक लोकांसाठी एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, तसेच गनोरिया व क्लॅमिडिया एवढी यादी पुरते. तीस वर्षांवरील स्त्रियांनी यात गर्भाशयमुखाच्या तपासणीची भर घालावी.

चाचणीच्या दिवशी

जाण्याआधी तीन गोष्टी पाळाव्यात. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर आधीचा किमान एक तास लघवी करू नये आणि बाटलीत पहिली धार धरावी. नेहमीच्या लघवी तपासणीसाठी मधली धार घेतात, त्यामुळे येथे हमखास गोंधळ होतो. स्त्रियांनी आदल्या दिवशी योनीत धुण्याचे द्राव किंवा औषधी गोळ्या वापरू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेडिकलमधून आणलेली प्रतिजैविके परस्पर घेऊ नयेत. गनोरियाचा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना कधीच सरावला आहे. अर्धवट औषधाने पू तेवढा कमी होतो, जंतू मागे राहतो आणि नमुन्यात मात्र तो धड दिसत नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनीही जखमेचे रूप असे बदलते की अनुभवी डॉक्टरही कोड्यात पडतात.

आयसीटीसीत आधी समुपदेशकाशी बोलणे होते. संबंध कधी आला, कोणत्या प्रकारचा, कंडोम वापरला का, पूर्वी काही आजार झाला होता का, असे प्रश्न विचारतात. त्यांची खरी उत्तरे द्यावीत. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर तेही सांगावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधील परस्परसंमतीचा संबंध गुन्हा राहिलेला नाही आणि समुपदेशकासाठी ती निव्वळ वैद्यकीय माहिती असते.

त्यानंतर लेखी संमती घेतात. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही, निकाल कायद्याने ठरवलेले मोजके अपवाद सोडता तिसऱ्याला सांगता येत नाही आणि नोकरी देण्यासाठी किंवा उपचार करण्यासाठी या चाचणीची अट घालता येत नाही. निकाल मोठ्याने पुकारला गेला किंवा केसपेपरवर ठळक शेरा मारला गेला, तर रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी तक्रार करण्याचा पूर्ण अधिकार रुग्णाला आहे.

अहवाल वाचताना

एचआयव्हीची एकच चाचणी ‘रिॲक्टिव्ह’, अर्थात संसर्गाची खूण दाखवणारी, आली म्हणजे संसर्ग झाला, असे नव्हे. राष्ट्रीय पद्धतीनुसार तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच व्यक्ती एचआयव्हीबाधित ठरते. खासगी प्रयोगशाळेत पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली असेल तर तो कागद घेऊन आयसीटीसीत जावे. निदान पक्के झाल्यास एआरटी औषधे मोफत मिळतात आणि ती सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी लगेच सुरू करतात. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली गेले आणि तसेच टिकले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही गोष्ट मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेली आहे, तरी लग्नाच्या बैठकीत आणि नातेवाइकांच्या कुजबुजीत ती अजून पोहोचायची आहे.

सर्वाधिक घोळ सिफिलिसच्या अहवालात होतो. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी आजाराची सक्रियता दाखवते आणि तिचा निकाल १:२, १:८, १:३२ अशा प्रमाणात लिहितात. दुसरा आकडा जितका मोठा तितकी प्रतिक्रिया जोरदार. गर्भारपण, मलेरिया, कुष्ठरोग किंवा ल्युपससारख्या आजारांतही ती खोटी रिॲक्टिव्ह येऊ शकते, बहुधा कमी प्रमाणात. म्हणून सोबत सिफिलिसच्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी टीपीएचए चाचणी करतात. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की उपचार पूर्ण झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते. व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह असे दिसले, तर तो पूर्वी बरा झालेला आजार असू शकतो, दडलेला जुना आजार असू शकतो किंवा अगदी ताजा संसर्गही असू शकतो. आधीच्या उपचारांचे कागद पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

हिपॅटायटिस बीमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे संरक्षण आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वाचून घाबरलेली माणसे पुष्कळ असतात.

बचाव

कंडोमबद्दल ‘वापरतो’ असे सगळेच सांगतात. कसा वापरतात, ते विचारल्यावर चुका बाहेर येतात. आधी पाकिटावरची मुदत पाहावी. पाकीट महिनोन्‌महिने खिशातल्या वॉलेटमध्ये किंवा दुचाकीच्या डिकीत राहिले असेल तर उष्णतेने आणि घर्षणाने रबर कमजोर होते, ते टाकून द्यावे. पाकीट दातांनी न फाडता कडेने हाताने फाडावे. टोकाची हवा चिमटीत दाबून धरावी आणि ताठरता आल्यावर, कोणताही स्पर्श होण्यापूर्वी, कंडोम मुळापर्यंत उलगडावा. उलटा लागला तर तोच सुलटा करून वापरू नये, नवा घ्यावा. वंगण म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावण्याची सवय फार पसरलेली आहे आणि तीच घातक आहे, कारण तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होते. मेडिकलमध्ये मिळणारी पाण्यावर आधारित जेलीच वापरावी. एकावर एक दोन कंडोम चढवू नयेत. वीर्यपतनानंतर ताठरता असतानाच कड धरून बाहेर घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रांत निरोध मोफत मिळतो. तांबी, गर्भनिरोधक गोळ्या आणि नसबंदी यांनी गर्भ राहत नाही, पण एकाही लैंगिक आजारापासून संरक्षण मिळत नाही. उघड्या राहिलेल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरणारे हर्पिस, एचपीव्ही आणि सिफिलिस यांना कंडोम पुरता अडवू शकत नाही. धोका कमी करतो इतकेच.

त्यामुळे लसींचे महत्त्व मोठे आहे. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन मात्रांत घेतात. राष्ट्रीय लसीकरणात ती उशिरा आल्यामुळे आजच्या अनेक प्रौढांना ती लहानपणी मिळालेली नाही. एचपीव्हीची भारतीय लस ‘सर्व्हाव्हॅक’ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि तिला २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि १५ ते २६ वयात तीन मात्रा देतात. मुलग्यांनाही ती घेता येते. लैंगिक आयुष्य सुरू होण्यापूर्वी घेतली तर तिचा लाभ सर्वाधिक असतो, आणि नववीतल्या मुलीला लस दिल्याने तिला ‘मोकळीक’ मिळते, हा पालकांचा धसका निराधार आहे. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी सोडू नये. सरकारी केंद्रांत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून केली जाणारी व्हीआयए तपासणी काही मिनिटांत होते.

ज्यांना एचआयव्हीची जोखीम वारंवार असते, त्यांच्यासाठी प्रेप नावाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. ती सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची आणि मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करावी लागते व दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी करावी लागते. इतर आजारांवर तिचा काही उपयोग नाही.

गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही चाचण्या पहिल्या भेटीतच करून घ्याव्यात. तिन्हींमध्ये बाळाला होणारा संसर्ग बहुतांशी टाळता येतो. सिफिलिसच्या गर्भवतीला पेनिसिलिन वेळेत मिळाले तर बाळ वाचते. हिपॅटायटिस बीमध्ये जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, त्यामुळे प्रसूती कोठेही होणार असली तरी अहवाल सोबत हवा.

उपचार आणि जोडीदार

औषधाची निवड डॉक्टरांनी करायची आहे. रुग्णाने ते पूर्ण घ्यायचे आहे. सिफिलिसच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर काही तासांत थंडी-ताप आणि अंगदुखी आली तर घाबरू नये, मरणाऱ्या जंतूंमुळे तसे होते आणि एका दिवसात शमते. अंगावर पित्त उठणे किंवा श्वास लागणे ही मात्र ॲलर्जीची लक्षणे आहेत, तेव्हा तत्काळ डॉक्टरांना सांगावे.

गनोरिया किंवा क्लॅमिडियात मागील दोन महिन्यांतील सर्व जोडीदारांना कळवणे आवश्यक आहे. एकट्याने औषध घेतले तर आजार दोघांत फेऱ्या मारत राहतो. एका मात्रेच्या उपचारानंतर सात दिवस आणि जोडीदाराचाही उपचार होईपर्यंत संबंध ठेवू नये व तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. सांगायचे कसे, हा प्रश्न औषधापेक्षा अवघड असतो. ‘माझ्या तपासणीत एक संसर्ग निघाला आहे, औषधाने तो बरा होतो, तुझीही तपासणी व्हायला हवी’ एवढे सरळ वाक्य पुरते; कोणापासून आला, याची चौकशी त्याच बैठकीत करू नये. क्लॅमिडिया, हर्पिस किंवा एचपीव्ही कित्येक वर्षे दडून राहू शकतात, त्यामुळे अहवालावरून संसर्गाची तारीख किंवा ‘गुन्हेगार’ ठरत नाही. घरात मारहाणीची भीती असेल तर आधी समुपदेशकाला सांगावे, कळवण्याचा सुरक्षित मार्ग ते आखून देतात.

सिफिलिसच्या उपचारानंतर ३, ६ आणि १२ महिन्यांनी व्हीडीआरएल शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी. प्रमाण चौपटीने खाली आले, उदाहरणार्थ १:३२ चे १:८ झाले, तर उपचार लागू पडला असे मानतात. ते चौपटीने वर गेले तर नवा संसर्ग किंवा अपुरा उपचार समजून डॉक्टर पुढे पाहतात. इंजेक्शनांच्या तारखा, औषधाचे नाव आणि हे सगळे अहवाल एका फाइलमध्ये जपून ठेवावेत. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत सिफिलिसचीही चाचणी असते, आणि वर्षांपूर्वी बरा झालेला आजार टीपीएचएमुळे पुन्हा समोर आला की उपचार पूर्ण झाल्याचे दाखवायला तेवढे कागदच हाताशी असतात.